सोडण्याचें शिक्षण

कुत्र्याला हात नसतात, ही साधी गोष्ट ज्यांच्या ध्यानांत येत नाहीं त्यांनीं कुत्रें पाळण्याच्या भरीस पडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आपण नवी वस्तु हातांत घेऊन उलटसुलट करून पाहतों. कुत्रें तोच व्यवहार तोंडानें करतें. चप्पल, पेन्सिल, लहान मुलाचें अंगडें यांपैकीं कशाचीहि त्याला चोरी करावयाची नसते. तें काय आहे एवढेंच पाहावयाचें असतें.

आमच्या सांगलीच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें आणि बारावा मोत्या. जात गांवठी, वय एक वर्ष. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें आंब्याची कोय पळविली. धाकटे बंधु आणि दोघे पुतणे अशी पलटण अंगणभर त्याच्यामागें धांवली व शेवटीं बंधूंनीं जबडा फांकवून कोय बाहेर काढली. कोय गिळली गेली तर ती आंतड्यांत अडकते आणि बहुधा शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर उरत नाहीं. तेव्हां बंधूंची तांतडी अस्थानीं होती असें कोण म्हणेल? परंतु मोत्यानें त्यांतून घेतलेला धडा निराळाच होता. माणूस जवळ आलें कीं तोंडांतलें जातें. म्हणून एक तर पळावें, नाहीं तर चटकन् गिळून मोकळें व्हावें! पुढल्या पंधरवड्यांत त्यानें एक पायमोजा गिळला (तो सुदैवानें ओकून पडला), आणि एके दिवशीं खोबऱ्याची वाटी तोंडांत असतां जवळ गेलेल्या बंधूंच्या चार वर्षांच्या मुलीवर तो गुरगुरला. ‘पुन्हां असें झालें तर हें कुत्रें या घरांत राहणार नाहीं,’ असें बंधूंनीं त्याच सायंकाळीं जाहीर केलें. मुलीच्या बापानें असें बोलावें यांत नवल कसलें? मोत्याला चोप द्यावा ही पुतण्यांची सूचना मात्र आम्हीं मोडून काढली. गुरगुरणें ही कुत्र्याची पूर्वसूचना आहे. मारून ती बंद पाडली तर पुढची पायरी, म्हणजे चावा, सूचनेवांचून येतो.

मोत्याला शिकविण्याचें काम आमच्याकडे आलें. पहिला वाद शब्दाचा. बंधु ‘सोड’ म्हणत, वहिनी ‘दे इकडे’ म्हणत, मुलें इंग्रजींत ओरडत, आणि मातोश्री ‘थू कर’ म्हणत. अकरा माणसांच्या अकरा भाषा शिकणें कुत्र्याला कसें साधावें? संस्कृत शिकविणाऱ्या थोरल्या बंधूंनीं ‘न मम’ हा शब्द सुचविला. त्यागाला याहून नेमका शब्द नाहीं हें खरें. पण यज्ञांतला शब्द कुत्र्यापुढें नको, असें मातोश्रींनीं बजावलें. अखेर ‘सोड’ ठरला. भीतीच्या क्षणीं जो आपोआप तोंडांतून निघतो तोच शब्द कामाचा. शोभिवंत शब्द आयत्या वेळीं आठवत नाहींत.

आरंभीं मोत्याच्या तोंडांत कांहींच नसे. आम्हीं एकदांच ‘सोड’ म्हणावें व लगेच हरभऱ्याच्या डाळीएवढे पनीराचे चार-पांच तुकडे त्याच्यापुढें जमिनीवर टाकावे. असें दिवसांतून तीनदां. चौथ्या दिवशीं शब्द कानीं पडतांच त्याची मान खालीं जाऊं लागली. तुकडे वेंचावयाचे तर तोंड उघडावें लागतें. सारें इंगित एवढेंच. मग दोरीचा जुना तुकडा चघळावयास दिला, ‘सोड’ म्हटलें, पनीर टाकलें, दोरी सुटली. तो खात असतां आम्हीं दोरी उचलली आणि त्याचें खाणें होतांच ती त्याला परत दिली. लोक चुकतात ते येथेंच. सोडलेली वस्तु पुष्कळदां परत मिळते व वर खाऊहि मिळतो, हा अनुभव आला म्हणजे माणसाचा हात जवळ येणें हें कुत्र्याला संकट वाटेनासें होतें. दोरीनंतर चेंडू, चेंडूनंतर चप्पल, आणि खोबरें सर्वांत शेवटीं.

पुढें तुकडे अगोदर न दाखवितां, तोंड उघडल्यावर डबींतून काढून देऊं लागलों. दाखवून सोडविणें ही लांच. सोडल्यावर देणें हें वेतन. लांच घेणारा दरवेळीं सौदा तोलून पाहतो, आणि खोबऱ्यापुढें पनीर हलकें ठरण्याचा संभव असतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९८ सालीं, पेट्यांत कोंडलेल्या मांजरांवरील आपल्या प्रयोगांतून, ज्या कृतीमागून समाधान येतें ती प्राणी पुन्हां करतो असें दाखविलें. मोत्या त्याला अपवाद नव्हता. घरांतील प्रत्येकाकडून आम्हीं हा पाठ करवून घेतला, कारण आमचें ऐकणारें कुत्रें वहिनींचें ऐकेलच असें नाहीं. मातोश्री कुत्र्याला शिवत नाहींत. त्यांनीं झोपाळ्यावर बसून दुरूनच तुकडे फेकले. लांबून आज्ञा पाळणें ही या शिक्षणांतली शेवटची पायरी. मातोश्रींच्या सोवळ्यामुळें ती अनायासें चढली गेली.

गौरींच्या दिवशीं खिरापतीसाठीं आणलेली बेदाण्यांची पुडी ओटीवरून खालीं पडली व ती मोत्यानें उचलली. आमच्या भागांत बेदाणे घरोघरीं. पण ते कुत्र्याला विषासमान आहेत हें फारच थोड्यांना ठाऊक असतें. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊं शकतात आणि किती खाल्ल्यानें बाधेल याचा नेम नाहीं. २०२१ सालीं अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं याचें कारण त्यांतील टार्टारिक अम्ल असावें असें मत मांडलें. तेंच अम्ल चिंचेंतहि असतें, तेव्हां गृहिणींनीं चिंचेची बरणीहि उंचावर ठेवावी.

त्या वेळीं ओटीवर धाकटी मुलगी एकटीच होती, आणि ती हात पुढें करून त्याच्याकडे निघाली होती. बंधु फाटकापाशीं होते. तेथून धांवून पोहोंचणें शक्य नव्हतें. सोवळ्यांत असलेल्या मातोश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून एकदांच म्हणाल्या, ‘सोड.’ मोत्यानें मान वळविली, पुडी ओटीखालीं ठेवली आणि उंबऱ्याकडे पाहत तो उभा राहिला. मुलगी थबकली. पुडीचा दोरा ओला झाला होता, पण सुटलेला नव्हता.

मातोश्रींनीं वहिनींना हांक मारून पनीर मागविलें. डबी सांपडेपर्यंत पांच मिनिटें गेलीं. मोत्या शेपटी हलवीत तेथेंच होता. बंधु कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पुडी उचलून फडताळांत ठेविली आणि मागाहून आम्हांस विचारलें, ‘सणावाराला दूध महाग असतें, भाकरीच्या तुकड्यावर हें काम भागणार नाहीं काय?’

भागेल, असें आम्हीं सांगितलें. पण खोबऱ्यासाठीं पनीरच लागेल.