लाघवी आई, अबोल बाप

किशोरांसाठीच्या कादंबऱ्या वाचणं आणि शिकवणं हे माझं काम आहे. या कादंबऱ्यांत दुष्ट आईबापांना तोटा नाही. मारणारे आहेत, उपाशी ठेवणारे आहेत, घराबाहेर काढणारे आहेत. लेखकाची खरी कसोटी लागते ती बेभरवशाच्या आईबापापाशी. असा माणूस जवळ घेतो, हसवतो, उन्हाळ्यात नक्की ये म्हणतो. आणि मूल पोहोचतं तेव्हा स्वतः जाग्यावर नसतो. दुष्टाचा राग तरी धरता येतो. याच्यावर मात्र मुलाचा जीव जडलेला असतो.

सिंथिया व्हॉइट या अमेरिकन लेखिकेची ‘अ सॉलिटरी ब्लू’ ही १९८३ची कादंबरी मला या विषयावरची सर्वांत नेमकी वाटते. व्हॉइट मेरीलँड राज्यात शाळेत शिकवत होत्या. टिलरमन कुटुंबाभोवती त्यांनी सात कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली ही तिसरी. दुसरीला, ‘डायसीज साँग’ला, अमेरिकी बालसाहित्यातलं १९८३चं न्यूबेरी पदक मिळालं. हिला पुढच्या वर्षी न्यूबेरीचा सन्मान लाभला.

जेफ ग्रीन सात वर्षांचा असताना शाळेतून घरी येतो, तर आईची चिठ्ठी. जगात तिची गरज असलेले पुष्कळजण आहेत, म्हणून ती निघून गेली आहे. मागे उरतात बाल्टिमोरचं घर आणि प्राध्यापक बाप. त्या बापाला जेफही ‘प्रोफेसर’च म्हणतो. मूल यातून एकच धडा घेतं: कुणाला आपला त्रास होता कामा नये, नाहीतर हाही जाईल. ताप अंगावर काढून तो शाळेत जातो. मोठ्यांचा चेहरा वाचायचा, पावलांवरून मन ओळखायचं, काही मागायचं नाही. अशी मुलं शाळेत ‘समजूतदार’ म्हणून नावाजली जातात. त्या समजूतदारपणाखाली भीती असते, हे व्हॉइट एकही व्याख्यान न देता दाखवतात.

काही वर्षांनी आई, मेलडी, त्याला चार्ल्सटनला बोलावते. तो उन्हाळा स्वर्गासारखा जातो. ती देखणी, गोड बोलणारी, गिटारवर गाणारी. आपणही कुणाचे तरी लाडके आहोत हे जेफला पहिल्यांदा कळतं. परत आल्यावर तो पत्रं लिहितो. उत्तरं येत नाहीत. त्यासाठीही कारणं तोच शोधून काढतो. पुढच्या उन्हाळ्यात ती बहुतेक वेळ मित्राबरोबर बाहेर असते. पोरगा एकटा बसमधून शहरभर फिरत राहतो, होडीनं एका निर्मनुष्य बेटावर जातो. तिथला एकुलता निळसर बगळा त्याला आपल्यासारखा वाटतो.

कादंबरीचं सगळं बळ निवेदनात आहे. गोष्ट तृतीयपुरुषी असली तरी जेफच्या नजरेबाहेर जात नाही, आणि तरीही मेलडी कशी आहे हे वाचकाला त्याच्या जरा आधी उमगतं. त्या अंतरात वाचक तळमळतो. पण लेखिका जेफला घाई करत नाही. प्रेम खोटं ठरवायला मुलाला जितका काळ लागतो, तितकी पानं ती देते. पंधरा वर्षांच्या ज्या वाचकाच्या घरी हेच चाललेलं असतं, त्याला ही सबुरी फार मोलाची वाटते. कारण बाहेरचे सगळे त्याला ‘सोड तिचा नाद’ असं एका वाक्यात सांगून मोकळे झालेले असतात.

मग व्हॉइट आपली दृष्टी प्रोफेसरकडे वळवतात. जेफ आतून मोडतो, अभ्यासात नापास होऊ लागतो, तेव्हा हा कोरडा वाटणारा माणूस जागा होतो. आपण पाहिलंच नाही हे कबूल करतो आणि मुलासाठी राहतं शहर सोडून क्रिसफील्डजवळ खाडीकाठी घर घेतो. त्याला लाडाचे शब्द येत नाहीत. पण म्हटलेलं तो करतो, आणि दुसऱ्या दिवशीही करतो. माया कळते ती सातत्यानं, हे जेफला हळूहळू पटतं. मेलडीला लेखिका शिक्षा करत नाही, सुधारतही नाही. तिच्याकडून आलेलं गाणं जेफ ठेवतो. फक्त तिच्यावर विसंबणं थांबवतो.

मालिकेत मागेपुढे पाहिलं की व्हॉइट यांचा विवेक दिसतो. ‘होमकमिंग’ या पहिल्या भागात टिलरमन भावंडांतल्या थोरल्या डायसीची आई चारही मुलांना मोटारीत बसवून निघून जाते, ती मनोरुग्ण आहे, हे पुढे कळतं. ‘सेव्हनटीन अगेन्स्ट द डीलर’ या शेवटच्या भागात डायसीच्या होडीच्या कारखान्यात एक गप्पिष्ट परका येतो आणि तिचे पैसे लांबवतो. तो तिचा बाप असावा, असं वाचकाच्या ध्यानात येतं. आजारानं हरलेली, स्वतःत रमलेली आणि फसवणारा, या तिघांना एकाच मापानं मोजलेलं नाही.

मराठी किशोरसाहित्य ‘श्यामची आई’च्या सावलीत वाढलं. त्या आईनं पिढ्यांना फार दिलं. पण ज्यांच्या घरी तशी आई नाही, तसा बाप नाही, त्यांच्या हाती द्यायला माझ्याकडे मराठी पुस्तकं फार थोडी आहेत. ‘मुलांच्या मनात आईबापाविषयी विष कशाला कालवायचं?’ असं पालक विचारतात. त्यांना मी सांगते की शंका पुस्तकानं पेरलेली नसते. ती मुलाच्या मनात आधीच असते, आणि तिचं खापर ते स्वतःवरच फोडत असतं. माझ्यातच काही कमी असेल, म्हणून आई आली नाही, असं. चांगली कादंबरी एवढंच करते: आईवर प्रेम करायची मोकळीक ठेवते आणि ती न येण्याचा दोष मुलाच्या डोक्यावरून उतरवते. आपल्या लेखकांनी हे काम हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. वाचणारी मुलं आपल्या वर्गावर्गांत बसलेली आहेत.