जामा मशिदीवरच्या घारी

दिल्लीला आम्ही गेलो ते नात्यातल्या एका निकाहसाठी. जुलैचे शेवटचे दिवस. पाऊस पडून गेला की उकाडा दुप्पट होई. मुक्काम जामा मशिदीसमोरच्या मटिया महल भागात, खालांच्या घरी होता. घर अरुंद, पण चार मजली. वरच्या गच्चीवरून मशिदीचे तीन घुमट आणि दोन मिनार अगदी समोर दिसत. शाहजहानच्या काळात, १६५६ साली ही मशीद पूर्ण झाली. ती पाहायची हे आम्ही घरूनच ठरवून आलो होतो. घारी मात्र आमच्या यादीत नव्हत्या.

पहिल्याच दिवशी असरची नमाज झाली आणि खालूंनी हाक मारली, "वर या, आमच्या पाहुण्यांची दावत बघायला."

शेजारच्या गच्चीवर एक वृद्ध चाचा डबा घेऊन उभे होते. डब्यात मांसाचे बारीक तुकडे. आभाळात त्या वेळी दोन-तीनच घारी होत्या, त्याही खूप उंच. चाचांनी पहिला तुकडा वर फेकला. एक घार पंख आवळून सरळ खाली आली, तुकडा पायांनी हवेतच पकडला आणि उडता उडताच मान वाकवून चोचीत घेतला. दुसरा तुकडा उडाला तोवर दहा घारी आल्या होत्या, आणि थोड्याच वेळात पन्नासेक घारी आमच्या डोक्यावर गरगरू लागल्या. एकेकीच्या पंखांचा पसारा पाच फुटांच्या आसपास. त्यांचा वारा तोंडाला लागत होता. आमची थोरली ओढणी सावरत खालीच बसली. वर विजेच्या तारा, डिश अँटेना, लोकांच्या दोऱ्यांवरचे कपडे. पण एकही घार कशाला अडखळली नाही की दुसरीवर आपटली नाही. दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी वळवून ती ऐनवेळी बाजूला होई.

सूरह मुल्कमध्ये डोक्यावरच्या पाखरांचा उल्लेख आहे. ती पंख पसरतात, मिटतात, आणि त्यांना सावरणारा फक्त रहमान आहे. रात्री झोपण्यापूर्वी ही सूरह आम्ही कित्येक वर्षे वाचत आलो. त्यातले पसरणे आणि मिटणे डोळे भरून पाहिले ते त्या गच्चीवर.

आमचा धाकटा तेरा वर्षांचा. मामूंचा जुना कॅमेरा मागून आणलेला. त्याने शंभरेक फोटो काढले. कुठे रिकामे आभाळ, कुठे अर्धा पंख, कुठे नुसते शेपटीचे टोक. तो रडकुंडीला आला तेव्हा खालू म्हणाले, "घारीच्या मागे कॅमेरा पळवू नकोस. तुकडा वर जाऊन जिथे क्षणभर थांबतो, तिथे रोखून ठेव. ती तिथेच येईल." तसे केल्यावर फोटो जमू लागले. मग त्याने चाचांनाच विनंती केली, अजून एकदा फेका, तुमचा हातही फोटोत येऊ दे. चाचा हसले. तुकडा फेकला, पण हात मागे घेतला. "परिंदों की लो बेटा, मेरी नहीं." सदक्याचा फोटो काढायचा नसतो, हे त्यांनी एवढ्यातच सांगून टाकले.

जुन्या दिल्लीत घारींना असे मांस टाकण्याची रीत फार दिवसांची आहे. घार आपल्यावरची बला घेऊन जाते, अशी काहींची समजूत. सदक्याचा अर्थ त्याहून कितीतरी मोठा आहे. पण या पक्ष्याचे शहरावर उपकार आहेत, हेही खरे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडे जवळजवळ संपली. त्यानंतर उरलेसुरले मांस आणि मेलेली जनावरे साफ करण्याचे बरेचसे काम घारींवर आले. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्या थव्याथव्यांनी दिसतात. हिवाळ्यात तर हिमालय ओलांडून मध्य आशियातल्या घारीही दिल्लीला येतात.

रात्री जेवणानंतर सगळे कॅमेऱ्याभोवती बसले. एक फोटो अप्रतिम आला होता. पंख पूर्ण उघडे, नख्या पुढे, तुकडा बोटभर अंतरावर. धाकट्याने तो मोठा करून दाखवला आणि थोरली म्हणाली, "हे काय लोंबतंय?" डाव्या पंखाच्या सांध्यापासून एक बारीक दोरा लोंबत होता. गुलाबी रंगाचा.

कोणी काही बोलले नाही. गुलाबी मांजाची भरलेली फिरकी कोपऱ्यातच होती. त्याच दुपारी लाल कुआँच्या पतंगबाजारातून आम्हीच ती धाकट्याला घेऊन दिली होती. पंधरा ऑगस्ट जवळ आला की दिल्लीचे आभाळ पतंगांनी भरते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. "हा सुती आहे," असे दुकानदाराने सांगितले आणि आम्ही निश्चिंत झालो. पण सुती दोऱ्यावरही काचेची पूड चढवलेली असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही.

मग खालूंनी वजीराबादच्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांची हकीकत सांगितली. जखमी घार मांसाहारी म्हणून तिच्यावर उपचार होईनात, तेव्हा हे दोघे तिला घरी घेऊन आले. लहानपणी व्यायामाचा शौक होता, त्यातून स्नायूंची जी माहिती झाली तिच्या आधारे ते जखमांवर इलाज शिकले. मांजाने कापलेल्या हजारो घारींवर त्यांनी उपचार केले. त्यांच्यावरच्या 'ऑल दॅट ब्रीद्स' या माहितीपटाला २०२२ साली कान महोत्सवात पारितोषिक मिळाले. पण पंखाचा स्नायूच तुटला तर ती घार पुन्हा उडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा एक लांब काठी घेऊन गच्चीवर गेला. अँटेना, पाण्याची टाकी, कठडा यांना अडकलेला दोरा तो सोडवू लागला. आम्हीही हात लावला. वीजतारांना मात्र कोणी हात लावायचा नाही, असे खालूंनी बजावले. तासाभरात मुठीएवढा गुंडा झाला. चाचांनी आपल्या गच्चीवरूनही बराच काढून दिला. नवी फिरकी धाकट्याने स्वतःच कात्रीने कापली. पैसे वाया गेले म्हणून थोडा हळहळला, पण कापली.

वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणे हाही सदकाच आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना काटे आणि दगड दाखवून समजावतो. पाखरांची वाट आभाळातून जाते, हे आमच्या लक्षात आले नव्हते.

संक्रांतीला आपल्याकडेही पतंग उडतील. मुलांचा आनंद हिरावून घेऊ नये. पण फिरकी घेऊन देताना साधा, काच न लावलेला दोरा द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत गच्चीवर जाऊन अडकलेला दोरा काढावा. तो फोटो आम्ही फ्रेम करून घरी लावला आहे, लोंबणाऱ्या दोऱ्यासकट.