पहिले गुरुजी

डॉक्टर व्हायचं म्हणजे पहिल्याच दिवशी गळ्यात स्टेथोस्कोप, असं मला वाटायचं. पण एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी मुख्य विषय तीन. शरीररचनाशास्त्र सांगतं, कोणता अवयव कुठे. शरीरक्रियाशास्त्र सांगतं, तो काम कसं करतो. आणि जीवरसायनशास्त्र सांगतं, पेशींत काय घडतं.

विच्छेदनगृहात पाऊल टाकलं आणि फॉर्मालिनच्या वासानं डोळे चुरचुरले. टेबलावर एका आजोबांचा देह होता. माझे हात थरथरू लागले. वाटलं, पळून जावं! मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "घाबरू नकोस. हे तुझे पहिले गुरुजी. तुम्ही शिकावं म्हणून त्यांनी देहदान केलंय."

मी मनोमन नमस्कार केला. मग वर्षभर त्यांच्याकडूनच शिकले. पुस्तकात रोहिणी लाल आणि शीर निळी; देहात मात्र असे रंग कुठले? बोटांनी चाचपून बघायचं. रोहिणीची भिंत जाड, शिरेची पातळ. २०६ हाडांची नावं तर झोपेतही पुटपुटायची मी!

मुलांनो, आज रुग्णाची नाडी बघायला मनगटावर बोटं ठेवली, की गुरुजी आठवतात. त्यांचं नाव मात्र मला कधीच कळलं नाही.