आधी उंट बांधा

माझा भाचा अमेरिकेत, ॲरिझोनात असतो. ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीत स्वतःच्या राफ्टने उतरायचा परवाना सोडतीत मिळतो. यंदा तो त्याच्या मित्राला मिळाला. लीज फेरी ते डायमंड क्रीक, सुमारे 360 किलोमीटर, सोळा दिवस. हे कळल्यापासून आपाची झोप उडाली आहे. "तू शिक्षक आहेस, त्याला समजाव," ती मला म्हणाली.

आपाच्या भीतीला कारण आहे. आमचा धाकटा भाऊ गावच्या नदीत बुडाला, तेव्हा काठावर ना दोर होता, ना पट्टीचा पोहणारा. "अल्लाहची मर्जी" म्हणून सगळे गप्प झाले.

भाच्याला फोन केला, तर त्याने तयारीची यादीच पाठवली. 1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या दरीतून गेले, तेव्हा पुढच्या वळणावर काय आहे ते कुणालाच माहीत नव्हते. आज कितव्या मैलावर कोणता रॅपिड, हे छापलेले मिळते. लाव्हा फॉल्ससारखा मोठा रॅपिड आला की आधी काठाला लागायचे, वर चढून पाणी निरखायचे, मगच उतरायचे. वाळवंटात ऊन चाळीस अंशांवर, पण पाणी ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोलातून येते, म्हणून अंग गारठवणारे. लाईफ जॅकेट सक्तीचे.

शेवटची ओळ होती, 'रात्री बोटी घट्ट बांधणे'. विजेच्या मागणीप्रमाणे धरणातून पाणी सोडतात, त्यामुळे पातळी रोज चढते-उतरते. सैल बांधलेली बोट झोपेत वाहून जाते.

ती ओळ वाचून मी थांबलो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला रसूलुल्लाहांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले, मग भरवसा ठेवायला. तवक्कुलचा हा अर्थ मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण काठावर दोर का नव्हता, हे आमच्या घरात कुणी कधी विचारले नाही. मीही नाही.

त्या रात्री आपाला फोन करून सगळी यादी वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती.

"बोटी कोण बांधणार?"

"तोच."

"त्याला सांग, दोनदा बांध," ती म्हणाली. "दुआ मी करते."