बीडिंगच्या आड

लोणावळ्याचा पाऊस माणसांना जितका मानवतो, तितका तो लोखंडाला मानवत नाही. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो; तेथून अवघ्या 65 किलोमीटरांवरील लोणावळ्यात तो 4000 मिलिमीटरांच्याही पुढे जातो. आषाढात ढग घाट चढून थेट घरांच्या ओसरीत येतात आणि दारांच्या कोयंड्यांवर, आठवडाभर न उघडलेल्या पेट्यांच्या कड्यांवर तांबूस गंज चढू लागतो. मावळातील शेतकरी भातलावणीसाठी ज्या पावसाची वाट पाहतो, त्याच पावसाच्या धास्तीने जुन्या मोटारींचे मालक वैशाखातच गाडी रंगवून घेण्याची घाई करतात.

जुन्या गाड्यांत फियाटचा मान निराळा. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने हे मॉडेल 1964 पासून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तयार केले. 1974 पासून त्याला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि 2001 साली त्याचे उत्पादन थांबले. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. मुंबईतील तिची काळीपिवळी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तरीही आजोबांच्या वेळची एखादी फियाट कोणी जिवापाड जपलेली असते, आणि ती पावसाळ्यापूर्वी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याकडेच्या गॅरेजात येऊन उभी राहते.

अशा गाडीच्या दोन्ही कुशींवरून एक लांब चकचकीत पट्टी गेलेली असते. गॅरेजात तिला बीडिंग म्हणतात. पाहणाऱ्याला तो गाडीच्या अंगावरचा दागिना वाटतो. पण दागिन्याच्या आड काय चालले आहे, ते पाहणाऱ्याला कळत नाही. पत्र्याला ओळीने लहान लहान भोके असतात, त्यांत स्प्रिंगसारख्या क्लिपा अडकवतात आणि क्लिपांवर पट्टी दाबून बसवतात. क्लिप बसताना भोकाच्या काठचा रंग खरवडला जातो. पुढे पट्टीच्या मागे पाणी शिरते, धूळ बसते, तिचा चिखल होतो; सुकवणारे ऊन मात्र तेथवर पोहोचत नाही. उघडे लोखंड, हवा आणि ओल एकत्र आली, की गंजाला आणखी काही लागत नाही.

गाडी रंगवायची, तर पट्टीवर कागदी टेप चिकटवून भोवतीने रंग मारणे सर्वांत सोपे. कामावर नव्याने आलेल्या मुलाला तेच सुचते. “काका, टेप लावला तर नाही का चालणार?” तो विचारतो.

“चालेल की!” म्हातारे मिस्त्री म्हणतात. “मालकाला चालेल, मलाही चालेल. पावसाला तेवढे विचारून ये.”

मुलाचे म्हणणे अगदीच चूक असते असे नाही. पट्टी काढण्यात खरोखरच धोका आहे. कारखाना बंद झालेला. पट्टी वाकली तर तशीच दुसरी जुन्या बाजारात मिळेलच, याचा भरवसा नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीला एकदा मोड बसली, की कितीही हलक्या हाताने ठोकली तरी उन्हात ती जागा डोळ्यांत भरते. म्हणून येथे जोर कामाचा नाही. मिस्त्री लांबी भरण्याची पातळ, लवचीक पत्ती घेतात, तिच्याभोवती मऊ कापड गुंडाळतात आणि पट्टीच्या टोकापासून ती फटीत सरकवीत पहिल्या क्लिपेपर्यंत नेतात. क्लिपेच्या अगदी लगत किंचित पीळ दिला, की ती सुटते. मोकळ्या झालेल्या भागाला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागतो. नाहीतर तो लोंबून पुढच्या क्लिपेशी मुडपतो. काही गाड्यांत टोकाची क्लिप आतून नटाने आवळलेली असते. ती न पाहता ओढणाऱ्याच्या हाती वाकडी पट्टी येते.

“पट्टी ओढू नकोस रे,” मिस्त्री बजावतात, “क्लिप शोध. क्लिप सुटली, की पट्टी आपोआप येते.”

निघालेल्या प्रत्येक पट्टीच्या पाठीवर चिठ्ठी लागते: ‘डावे पुढचे दार’, ‘उजवे मागचे दार’. डाव्या-उजव्या पट्ट्या दिसायला सारख्या, बसवायला मात्र निरनिराळ्या. गॅरेजातील निम्मी भांडणे चिठ्ठी न लावल्यामुळेच होत असावीत! अलीकडच्या पुष्कळ गाड्यांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या गरम हवेने ऊब देऊन, मासे धरण्याच्या नायलॉन दोरीने करवतीसारख्या कापून सोडवतात. फियाटचे तसे नाही.

पट्टी निघते आणि मुलगा पाहतच राहतो. बाहेरून गाडी धडधाकट. आत भोकांभोवती पत्रा तपकिरी पडलेला, एका ठिकाणी तर नख लावताच खपली निघते. टेप लावला असता, तर ही जागा नव्या रंगाआड झाकली गेली असती आणि दोन-तीन पावसाळ्यांनी रंगाला फोड आणून बाहेर आली असती. आता मुलगा काही न बोलता घासकागद हाती घेतो.

गंज खरवडणे, प्रायमर लावणे, भोकांच्या काठांनाही आठवणीने रंग पाजणे, मग रंग चांगला कडक होईतो थांबणे, यांत दिवस जातात. घाई केली, तर पट्टी ओल्या रंगावर रुतते. मग नव्या क्लिपा येतात. प्रत्येक भोकात पाणी अडवणारा लेप भरून त्या बसवायच्या, मडगार्डापासून मागपर्यंत दोरा ताणून ओळ पाहायची, आणि पट्टी तळहाताने एकेका क्लिपेवर दाबायची. ‘टक्’ असा आवाज आला, की ती बसली. आवाज आला नाही, तर पुन्हा काढून पाहायची.

उजवी बाजू पुरी होते. मिस्त्री दोन्ही दारे उघडमीट करतात. पट्टीचे टोक कोठे घासत नाही ना, हे कान देऊन ऐकतात. कामशेतच्या बाजूला वळवाचे ढग जमू लागलेले असतात. मुलगा डावीकडे जातो आणि चिठ्ठ्या वाचून पट्ट्या ओळीने मांडू लागतो.