दानाच्या दुकानातली मजुरी

सातपूर एमआयडीसीच्या कडेला एका धर्मादाय संस्थेचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. आमच्या शेजारच्या खाला तिथं कपडे निवडायच्या. सुट्टी मागितली किंवा जादा तासांचे पैसे विचारले, की मॅनेजर सगळ्यांसमोर झापायचा, "पुण्याचं काम आहे, तास काय मोजता?" निघताना बायकांच्या पिशव्या तपासायचा. खालांना पगारापेक्षा तेच जास्त लागायचं.

कारखान्यातला कामगार निदान युनियनकडे जातो. इथं तोंड उघडलं, तर गोरगरिबांच्या मदतीत खोडा घातला असं होतं. कायदा असं म्हणत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आस्थापनेच्या व्याख्येत व्यापार करणारे धर्मादाय न्यासही घेतले आहेत. त्यात आठवड्याची सुट्टी आहे, जादा तासांना दुप्पट मजुरी आहे.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचे पैसे द्यावेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सदका आपल्या खिशातून द्यायचा असतो. खालांचे तास कापून केलेलं दान खालांचंच. त्याचा सवाब संस्थेच्या नावावर कसा जमा होईल?

कपड्यांचं गाठोडं द्यायला जाल तेव्हा एवढं विचारा: हे निवडणाऱ्या बायकांना सुट्टी कधी असते?