क्यूआर कोडशेजारचा चेहरा

सावेडी, अहिल्यानगर

चि. छोटीस,

संस्थेसाठी तू केलेलं रील काल घरच्या ग्रुपवर आलं आणि मावशीला रात्रभर झोप नाही. देणगीचा क्यूआर कोड कुठे टाकावा, एवढंच तू विचारलं होतंस. पण त्या कोडशेजारी रडणारी ती मुलगी! डोळ्यांवर काळी पट्टी ओढली म्हणजे झालं? मागे शाळेची पाटी दिसते, गणवेश दिसतो. वर्गातल्या पोरांना ओळखायला आणखी काय लागतं?

बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम वाच. आधाराची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एचआयव्हीबाधितांची माहिती आणि मनोरुग्णांचे फोटो यांसाठी २०१७ चे कायदे वेगळे आहेत. आणि हे नगरच्या मुलीला सांगावं लागावं? इथल्या चित्रा गल्ली या वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी गिरीश कुलकर्णींनी १९८९ मध्ये स्नेहालय सुरू केलं. शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावर टाकून दिलेल्या बायकांना सांभाळतात. अशा आसऱ्यातलं माणूस उद्या नोकरी मागायला जाईल, कुणाचं लग्न ठरेल. तू रील काढून टाकलंस तरी लोकांच्या फोनमधलं ते कोण पुसणार?

पैसे मागूच नकोस, असं नाही. हजार वेळा माग. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला, त्यातून तळेगावला काच कारखाना निघाला. ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून संस्थांचं काम मांडतं आणि वाचक धनादेश पाठवतात. इंटरनेटवर देणग्या मागायला मिलाप, केटो आले. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि शंभर रुपये देणाऱ्यालाही बसल्या जागी देता येऊ लागलं. तू किराण्याचं बिल टाक, गळक्या छपराचं अंदाजपत्रक टाक, गेल्या वर्षीचे पैसे कुठे लागले ते टाक. दादरच्या प्रदर्शनातली ती देणगीची पेटी आठवते ना? हिशेब मागितला तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

आणि कोडवर आलेल्या पैशांची पावती कोण फाडणार? देणाऱ्याचा पॅनसारखा ओळख क्रमांक घेतला नाहीस तर करसवलतीचं प्रमाणपत्र कसं देशील?

सगळ्यात मोठी काळजी अमेरिकेतल्या दादाची. त्याने ग्रुपवर लगेच होकाराचा अंगठा टाकलाय. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याची स्वतःची बचत परकीय देणगी ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ती ठरते. मग संस्थेकडे परकीय देणगी कायद्याची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. त्याला आजच फोन करून विचार. पण त्याआधी ते रील काढून टाक, आणि त्या मुलीला कुणी विचारलं होतं का, ते मावशीला कळव.

तुझी मावशी